सवलत यंत्राला की कामगाराला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूर शहर आणि परिसराला उद्योगांसाठी विशेष करसवलत क्षेत्राचा दर्जा मिळावा, ही मागणी आमच्याकडे नवी नाही. निवडणुका जवळ आल्या की ती जोरात होते आणि एरवीही व्यापारी मेळाव्यातले भाषण तिच्यावाचून पुरे होत नाही. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल कारखान्यांचे हिशेब आणि करविवरणे पाहण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत. या मागणीला माझा विरोध नाही. मात्र ती आज ज्या स्वरूपात मांडली जाते, त्याच स्वरूपात उद्या मान्य झाली तरी इथल्या विणकराच्या हाती फारसे काही लागणार नाही, असे माझे मत झाले आहे.

मागणीमागचे दुखणे खरे आहे. राज्यात १९६४ पासून उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे आणि तिच्यात तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी होत आली आहे. तालुका जितका मागास, तितकी सवलत अधिक. विदर्भ आणि मराठवाड्याला त्याहून थोडे जास्त मिळते. सोलापूर मात्र महसुली रचनेत पुणे विभागात मोडतो, त्यामुळे पुण्या-कोल्हापूरच्या पंक्तीला बसवून आमचीही गणना सुखवस्तूंत होते. प्रत्यक्षात तुळजापूरच्या रस्त्याला लागले की अर्ध्या तासात तामलवाडी येते. तो धाराशिव जिल्हा, म्हणजे मराठवाडा, शिवाय केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीतला. जमीन तशीच, पाऊसही तेवढाच. बदलते ती फक्त सवलतीच्या तक्त्यातली ओळ. नवे शेड कुठे बांधू, असे एखादा कारखानदार विचारतो तेव्हा हिशेबनीस म्हणून मी त्याला हद्दीपलीकडे बोट दाखवतो आणि सोलापूरकर म्हणून घरी येऊन गप्प बसतो.

असे असले तरी ही सवलत मोजली कशी जाते, याकडे मागणी करणाऱ्यांनी नीट पाहिलेले दिसत नाही. २०१९ च्या योजनेत औद्योगिक प्रोत्साहन अनुदान राज्यांतर्गत पहिल्या विक्रीवरील राज्य जीएसटीशी जोडलेले होते आणि त्याची कमाल मर्यादा स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या, म्हणजे इमारत-यंत्रांवर घातलेल्या पैशाच्या, टक्केवारीत ठरत होती. आता दोनशे रुपयांचा एक टॉवेल घ्या. त्यावर ५ टक्के दराने दहा रुपये जीएसटी लागतो आणि त्यातले पाच रुपये राज्याच्या वाट्याचे. टॉवेल नागपूरला विकला तर हे पाच रुपये हिशेबात धरले जातात. हैदराबादच्या व्यापाऱ्याला विकला तर परराज्यातल्या विक्रीवरचा एकात्मिक जीएसटी लागतो आणि राज्याचा हिस्सा तेलंगणाकडे जातो. परदेशी पाठवला तर निर्यात शून्य दराची असल्याने परत देण्याजोगे काही उरतच नाही. ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ज्याचा माल शेजारच्या राज्यांत आणि समुद्रापलीकडे खपतो, त्या गावाने राज्यांतर्गत विक्रीवरच्या कराशी बांधलेली सवलत मागणे म्हणजे चुकीच्या मापाचे कपडे शिवायला टाकणे आहे.

हिमाचल प्रदेशातल्या बद्दीचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. केंद्राने २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडातील नव्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ केले आणि प्राप्तिकरातही पहिली पाच वर्षे पूर्ण सूट दिली. महाराष्ट्रातल्या औषध कंपन्यांनीही तेव्हा तिकडे कारखाने उभारले, हे आपल्याला चांगलेच आठवते. पण तेव्हा उत्पादन शुल्क १६ टक्के होते आणि २००५ पासून औषधांवर ते छापील किमतीच्या आधाराने आकारले जाऊ लागले, म्हणजे वाचणारी रक्कमच मोठी होती. आमच्या टॉवेलवरील अडीच टक्क्यांसाठी कोण आपले बस्तान हलवील?

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माझ्याकडे हिशेब असलेल्या एका कारखान्यात चोवीस साध्या मागांच्या जागी आठ रॅपिअर माग, म्हणजे कमी माणसांत चालणारे वेगवान आधुनिक माग, आले. माल वाढला, विणही सुधारली. मालकाने कर्ज काढून जोखीम घेतली होती, त्याला दोष देण्याचे काहीच कारण नाही. पण पगाराच्या दिवशी मस्टर समोर ठेवून बसलो तेव्हा पूर्वी एकतीस सह्या होत्या, त्या जागी अकरा होत्या. भांडवली गुंतवणुकीवर मर्यादा ठरवणाऱ्या योजनेच्या दृष्टीने हा कारखाना पूर्वीपेक्षा अधिक सवलतीस पात्र ठरतो. यंत्रे आणू नयेत असे कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. परंतु १८७७ ची जुनी मिल आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्यांनी ज्या शहराला मजुरीवर उभे केले आणि त्या बंद पडल्यावर ज्या शहरातली तरुण मुले पुण्याची बस धरू लागली, त्या शहरासाठी सरकारी पैसा खर्च व्हायचा असेल तर तो मस्टरवरच्या सह्या मोजून व्हावा.

हे अशक्य नाही. केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या कामगारामागे मालकाला दरमहा तीन हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे, कारखानदारीसाठी ती चार वर्षांची आहे आणि तिची पडताळणी भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून होते. हेच माप राज्याच्या सवलतीला लावता येईल. निर्यातदारालाही ती मिळेल, हैदराबादला माल पाठवणाऱ्यालाही मिळेल आणि कागदावर गुंतवणूक फुगवून दाखवण्याचा मोह आपोआप कमी होईल. आमच्याकडचे पुष्कळ विणकर नगावर मजुरी घेऊन काम करतात आणि त्यांचा निधी भरला जात नाही. सवलत हवी असेल तर मालक तो भरू लागतील, हा फायदा वेगळाच.

शेवटी महापालिकेविषयी. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. आज सवलत मागायची ती राज्याच्या तिजोरीतून, त्यामुळे ठराव करायला शहराला एक रुपयाही पडत नाही. पण शहराच्या हातात असलेल्या गोष्टींचे काय? उजनीसारखे धरण जिल्ह्यात असताना शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी घेतले आहे आणि सूत रंगवणारे कारखाने टँकरच्या पावत्या माझ्याकडे गठ्ठ्याने पाठवतात. त्या पावत्यांची वर्षाची बेरीज काही कारखान्यांत राज्य जीएसटीच्या रकमेला मागे टाकते, हे मी स्वतः मांडलेल्या ताळेबंदांवरून सांगतो. तेव्हा मुंबईला जाणाऱ्या निवेदनात दोन कलमे घालावीत, अशी माझी लोकप्रतिनिधींना आणि व्यापारी संघटनांना विनंती आहे: सवलत निधी भरलेल्या कामगारांच्या संख्येवर मोजावी आणि औद्योगिक वसाहतींना रोज पाणी कोणत्या तारखेपासून मिळेल, ते महापालिकेने लेखी द्यावे.

आपला,
एक कर सल्लागार,
सोलापूर