वेबसाईटवरची लुकलुक कमी करा

संपादक महोदय,
चतुर्थी जवळ आली की आपल्या गोव्यातल्या कितीतरी मराठी वेबसाईटींवर सगळंच हलायला लागतं, पट्टी सरकते, बटण उड्या मारतं आणि माझ्या आईला फोनवर आरतीची वेळ शोधताना गरगरायला होतं. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबसाईटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, हे सगळं वेबसाईट बनवणाऱ्यांच्याच हातात असतं, कीफ्रेम्सना (हालचालीच्या टप्प्यांना) नाव द्यायचं, तेच नाव ॲनिमेशन-नेममध्ये घालून हव्या त्या एलिमेंटलाच (पानावरच्या भागालाच) लावायचं आणि ड्युरेशन, म्हणजे किती वेळ हलायचं ते, द्यायचं. मग इन्फिनिट, म्हणजे न थांबता हलत राहणं, कशाला हो? ते काढलं की एकदाच हलून थांबतं. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करायचं सेटिंग ठेवलंय त्यांच्यासाठी प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन (ते सेटिंग ओळखणारी सीएसएसमधली अट) वापरून त्यात ॲनिमेशन 'नन' (none), म्हणजे बंद, करा, दोन-चार ओळींचं काम आहे, प्लीज चतुर्थीआधी करा.
- एक वाचक, फोंडा