दारू अचानक सोडणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की नागपुरातील अनेक घरांत दारू बंद होते. रोज पिणारा माणूसही पोळ्यापर्यंत बाटलीला शिवत नाही, घरच्यांना हायसे वाटते आणि व्यसनमुक्तीची आवाहने छापून येतात. त्यांत सिगारेट आणि दारू यांचा उल्लेख एका दमात होतो. मात्र मेंदूच्या दृष्टीने ही दोन व्यसने सोडणे अगदी वेगळे आहे, आणि हा फरक माहीत नसल्याने जीव जाऊ शकतो, म्हणून एक निवृत्त परिचारिका या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

सिगारेटचा झुरका घेतल्यावर १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते आणि तेथे डोपामिन स्रवून बरे वाटते. सवय सुटताना चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही; हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो व बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. आपल्याकडच्या खर्ऱ्यातही तंबाखू असल्याने तो सोडणाऱ्यांनाही हेच सोसावे लागते. त्रास खरा आहे, पण तो जीवघेणा नाही. सिगारेट आणि खर्रा आजच्या आज सोडावा.

दारूचे तसे नाही. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव दारू वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा प्रभाव दाबते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू हा दाब गृहीत धरून आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की दाब निघून जातो, उत्तेजना मात्र तशीच राहते. आधी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काही रुग्णांना दोन-तीन दिवसांनंतर भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, अंगावरून काहीतरी झटकणे सुरू होते, घरचीच माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावू लागते. डॉक्टर याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास रुग्ण दगावू शकतो.

वॉर्डात असे रुग्ण येत तेव्हा नातेवाईक मोलाचा वेळ मांत्रिकाकडे घालवून आलेले असत. 'दारू तर सोडली आहे, मग हे दारूमुळे कसे असेल?' असे ते मनापासून विचारत. त्यांना दोष देता येत नाही, कारण हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याचे जेवण तुटते आणि शरीरातील बी-१ जीवनसत्त्व घटते. त्यातून चाल अडखळणे, डोळ्यांच्या हालचाली बिघडणे व गोंधळ उडणे हा आजार होतो, ज्याचे वर्णन कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये केले होते. वेळीच बी-१ चे इंजेक्शन मिळाले तर स्मृती वाचते. न मिळाल्यास ती कायमची जाऊ शकते, आणि मग रुग्ण न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगू लागतो व घरचे त्याला खोटारडा ठरवतात. अशा रुग्णाला 'अशक्तपणा'साठी नुसती ग्लुकोजची बाटली लावणे घातक ठरू शकते. आधी किंवा सोबत बी-१ द्यावे लागते. म्हणून लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना पिण्याचे खरे प्रमाण सांगावे.

संकल्प मोडावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. दारू सुटल्यावर मेंदूला झालेली इजा काही प्रमाणात भरून निघते, हे तर मोठेच आश्वासन आहे. फक्त सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत किंवा ज्याला पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली आहे, त्याने श्रावणापूर्वीच नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवावे. औषधांच्या आधाराने दारू सुरक्षितपणे थांबवता येते.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि दारू व अन्य व्यसनांसाठी १४४४६ हे शासकीय मदतक्रमांक आहेत. श्रावणातील आवाहनांच्या शेजारी तेही ठळकपणे छापावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
नागपूर