द्राक्षवेलीवरील संशोधन आणि नागपूरची संत्री

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅलिफोर्नियात द्राक्षवेली वाळवणाऱ्या ‘पिअर्स’ रोगावर जे संशोधन झाले, ते नाशिकच्या बागायतदारांइतकेच आपल्या संत्रा उत्पादकांनीही समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. न्यूटन पिअर्स यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेला हा रोग कित्येक दशके विषाणूजन्य मानला गेला. कारण ठरणारा जिवाणू दिसला तो १९७३ मध्ये. रस शोषणारे तुडतुडे त्याला वेलीवेलींवर पोचवतात. पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तो तुंबवतो, त्यामुळे जमिनीत ओल असूनही पानांच्या कडा करपतात आणि पान गळून नुसता देठ काडीवर राहतो. झायलेला नावाच्या याच जिवाणूच्या एका प्रकाराने ब्राझीलमधील मोसंबीच्या बागाही पोखरल्या आहेत.

आपल्याकडील संत्र्यावर येणाऱ्या ‘ग्रीनिंग’ रोगाचा जिवाणू वेगळा आहे, पण त्याचाही प्रसार कीडच करते. नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली की तिच्यावर सिट्रस सायला हा रस शोषणारा बारीक किडा येतो. पुढे पाने ठिगळ लावल्यासारखी पिवळी पडतात आणि फळे लहान, वाकडी राहतात. फवारणीने कीड आटोक्यात येते, मात्र झाडात शिरलेला जिवाणू निघत नाही.

म्हणूनच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील द्राक्ष संशोधक अँड्र्यू वॉकर यांचे काम मला मोलाचे वाटते. त्यांनी रानटी द्राक्षवेलीतील प्रतिकारशक्ती लागवडीच्या द्राक्षात आणली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरानंतर २०१९ मध्ये पाच वाण प्रसारित झाले. संत्र्यात हे अधिक अवघड आहे, कारण त्याच्या एका बीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखीच निघतात, शिवाय संकरित रोप फळावर येण्यास वर्षे लागतात. तरीही मेघालयातील नोक्रेकच्या जंगलात लिंबूवर्गीय फळांचे रानटी नातलग आजही आहेत. नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला अशा कामासाठी दोन-तीन वर्षांचे प्रकल्प नव्हे, तर पंधरा-वीस वर्षांचा खात्रीचा निधी मिळायला हवा.

तोवर राज्य शासनाने निदान एवढे करावे: कलमासाठी डोळे (फांदीवरील अंकुर) ज्या मातृवृक्षांवरून घेतले जातात, त्यांची रोगचाचणी प्रत्येक खासगी रोपवाटिकेला बंधनकारक करावी आणि तिचा दाखला रोपांसोबत शेतकऱ्याच्या हाती द्यावा.

आपला नम्र,
एक संत्रा बागायतदार, नागपूर