दीवहून पत्र

दीव, ३० नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी सांगायचं ते सांगून टाकते. सात तारखेची आपली दीवची तिन्ही तिकिटं मी रद्द केली आहेत. आणि ऑफिसच्या कामाला जातेय म्हणून सांगून निघाले, ते खोटं होतं. मी दीवलाच आले आहे. फोनवर बोलायचा धीर झाला नाही. तुमचा आवाज जरा जरी बारीक झाला असता तरी मी तिकिटं पुन्हा काढून बसले असते.

स्टेंट गणपतीत टाकलाय, बाबा. तीन महिनेसुद्धा नीट झाले नाहीत. रात्रभर गाडी, मग वेरावळहून पुढे मोटारीत अंग आंबून जातं. मी धडधाकट, तरी उतरल्यावर दोन मिनिटं दाराला धरून उभी होते. हा रस्ता तुम्हाला झेपेल की नाही, हे दुसऱ्या कुणाला विचारून मला चाललं नसतं. म्हणून स्वतः आले. तुम्हाला वगळून यायचं मनात नव्हतं, एवढं खरं माना. जानेवारीची तपासणी झाली की फेब्रुवारीत नेते. हे ठरलं.

काल संध्याकाळी स्मारकावर गेले. चक्रतीर्थच्या बाजूला समुद्रावर आलेली टेकडी आहे, तिच्यावर काचेच्या घरात खुकरीची, एकाहत्तरच्या युद्धात नऊ डिसेंबरला बुडालेल्या नौदलाच्या त्या बोटीची, प्रतिकृती. १९९९ साली उभारलेलं. काचेवर खाऱ्या वाऱ्याची पातळ साय धरली होती. मी रुमालानं तळहाताएवढी जागा पुसली आणि तिथून बघत राहिले. शेजारी एक शाळकरी मुलगा वडिलांना विचारत होता, कॅप्टन पोहून का नाही आले? वडील गप्पच. मग मीच त्याला सांगितलं, तुम्ही मला सांगायचात तसंच. की पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागल्यावर बोट काही मिनिटांतच बुडाली. की कॅप्टन मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं, जमतील तेवढ्यांना बाहेर काढलं आणि ते बोटीवरच राहिले. १८ अधिकारी, १७६ खलाशी. आकडा सांगताना माझा आवाज फुटला, तर तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला काय सांगणार, त्या १७६ मध्ये आपला कोण ते.

आई, तुला यायचं नव्हतं हे मला माहीत आहे. बाबांसाठी तू हो म्हणालीस. तिथून समुद्र नुसता पसरलेला दिसतो, बाकी काही नाही. बोट बुडाली ती जागा दीवपासून चाळीस सागरी मैल आत आहे, किनाऱ्यावरून दिसायची नाहीच. तुला जी भीती वाटते तसं तिथे काही नाही गं. वारा आहे, बसायला जागा आहे. मामासाठी आणलेली सोनचाफ्याची फुलं मी खाली पाण्यात सोडली. आजीच्या डब्यातूनच नेली होती. डबा परत आणतेय, काळजी करू नकोस.

आणि बाबा, तुमची खुकरी पाहिली.

लांबूनच पाहिली. त्याच नावाची ही नवी बोट माझगाव गोदीत तुमच्या हातून गेली, २३ ऑगस्ट १९८९ ला नौदलात दाखल झाली, ३२ वर्षं राबली आणि आता जुन्या खुकरीच्या गावात येऊन विसावली आहे. दीवला तिचं स्मारक होणार ही बातमी तुम्ही कापून पंचांगात ठेवली होती, ती घडी मी पर्समध्ये आणली होती. मला एकदम ती रात्र आठवली, तुम्ही दुसऱ्या पाळीहून आलात आणि डोळे उघडत नव्हते. वेल्डिंगची आर्क लागली होती. आईनं बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि मी रडत विचारलं, बाबा आंधळे होणार का? तुम्ही चाचपून माझा हात धरलात आणि म्हणालात, मामाच्या बोटीचं काम आहे, डोळ्यांना काही होत नाही. मी कितीतरी वर्षं ती मामाचीच बोट समजत होते.

जवळ गेले नाही. तुमच्याशिवाय तिच्या जवळ जायला नको वाटलं. तुम्ही मारलेला टाका कुठला, हे तुम्हीच बोट ठेवून दाखवायचं. फक्त शिड्या चढायचा हट्ट धरायचा नाही. जहाजाच्या शिड्या म्हणजे घराचा जिना नव्हे, हे तुमचंच वाक्य.

राहायची सोय बघून ठेवली आहे. तळमजल्यावरची खोली, कमोड आहे, न्हाणीघरात धरायला दांडी आहे. स्वयंपाकाच्या बाईंशी बोलले, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण करून देतील. आई, उशी मात्र आपली घ्यायची, इथल्या फार उंच आहेत. दुपारी ऊन कडक असतं, पण संध्याकाळी शाल लागेल.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. 'आज बरं वाटतंय' म्हणून तर मुळीच नाही. चक्कीवरून दळण तुम्ही आणायचं नाही, पोऱ्याला दहा रुपये द्या. आई, डोळ्यांचे थेंब फ्रीजच्या दारात आहेत, मागे ढकलू नकोस. आणि बाबांचा साखरेचा चहा तू गुपचूप करतेस, मला कळलंय. रागवत नाही, पण बंद कर.

नऊ तारखेला मी संध्याकाळपर्यंत डोंबिवलीला पोचते. मामाच्या नावाची पावणेनऊची पणती आपण तिघं मिळून लावू. आजीसारखं उपाशी झोपायचं नाही, बाबांना गोळ्या आहेत. पिठलं-भात टाकून ठेव, मीठ बेतानं.

तुमची,
चिमी