तडकलेला माल मला पाठवा

ती. आई-बाबा, नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की बाबा म्हणतात ठेव आता, मोटार चालू करायचीये, म्हणून लिहूनच काढतीये. यंदा बागेतला डाळिंबाचा तडकलेला माल व्यापाऱ्याला मातीमोल देऊ नका, थोडा मला पाठवा.

का ते सांगते. माझ्या ऑफिसात एक सीरियाची मुलगी आहे, तिने डब्यात मुहम्मारा आणला होता. हे अलेप्पोकडचं, भाजलेली लाल ढोबळी मिरची, अक्रोड, पावाचा चुरा, जिरं, ऑलिव्ह ऑइल असं सगळं वाटून करतात, पावाला लावून खायचं. त्याला जी आंबटगोड चव येते ती डाळिंबाच्या मोलॅसिसची, म्हणजे रस आटवून आटवून काकवीसारखा काळपट घट्ट केलेला. बाकी सगळं मिळालं पण ह्या एका गोष्टीसाठी अख्खं पुणं पालथं घातलं. रविवार पेठेत एका काकांनी अनारदाणा पुढे केला, कॅम्पातल्या एका दुकानात पोराने लालभडक सरबत दिलं, ज्यात डाळिंब फक्त चित्रात होतं. शेवटी कोंढव्यात, जिथे अरबी-इराणी पोरं सामान घेतात तिथे बाटली सापडली. इराणी लोक म्हणे त्याला रोब-ए-अनार म्हणतात आणि अक्रोड घालून कोंबडीच्या रश्श्यात वापरतात. मी मागचं लेबल वाचलं तर आधी साखर, मग ग्लुकोज, मग कुठेतरी डाळिंब! बाटली परत फळीवर. अहो सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि सांगोल्याच्या पोरीने पैसे मोजून ग्लुकोज घ्यायचं? छ्या.

मग मार्केट यार्डातून भगवा जातीचा डाळिंब आणला. आई, दाणे मिक्सरला नाही लावायचे, आतलं बी फुटलं की कडू होतं, आणि ते पांढरं पापुद्र्याचं पण काढायचं सगळं. कापडात घालून रस पिळायचा आणि स्टीलच्या पातेल्यात मंद गॅसवर ठेवायचा, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं नको. एक लिटरचा साधारण पाव लिटर उरला की बंद, गार झाल्यावर अजून घट्ट होतो त्यामुळे चमच्याला जरा चिकटायला लागला की बास. शेवटी शेवटी तिथून हलायचं नाही, डोळ्यादेखत करपतो.

पण भगवा गोडच हो. लिंबू पिळून चव आणली तरी ती मुलगी म्हणाली छान आहे पण आमच्याकडे आंबट डाळिंब घेतात. बाबा, विहिरीजवळची ती जुनी झाडं आहेत ना अजून, जी तुम्ही दरवर्षी काढू काढू म्हणता? त्याची फळं आंबट म्हणून कोणी खात नाही, तीच हवीयेत मला. कृपा करून ह्या वर्षी काढू नका. भगव्यात ती थोडी मिसळली की काम होईल असं वाटतंय.

आई, झालं की तुला बाटली पाठवते, वांग्याच्या भरतात चमचाभर घालून बघ, तुला आवडेल. बाबांना मुहम्मारा नाही आवडणार, ते शेंगदाण्याची चटणी सोडून कशाला चटणी म्हणतच नाहीत, तरी पाठवीन.

दादा शनिवारी गाडी घेऊन येतोय ना, त्याच्याकडे एक क्रेट द्या. आणि बाबा, लेकीकडे जातोय म्हणून वरचा चांगला माल भरू नका, तो विका. मला तडकलेलाच द्या, फक्त तेल्या रोग पडलेला बाजूला काढा.

तुमची
ताई