बारा आणि तीनच्या औषधासाठी

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मुलगी हायस्कूलला गेली. तिच्या दप्तरात औषधाची बाटली आहे आणि तुमची ती शंभर पानी वहीसुद्धा. ती चाळता चाळता हे पत्र लिहायला बसलो. तोंडानं सांगायला आलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता.

दुसरीत ती तुमच्या वर्गात आली तेव्हा तिचे पाय धनुष्यासारखे वाकले होते. त्याआधी मुडदूस समजून ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, रोज उन्हात बसवून झालं. पोरीला नीट खायला घालत नाही, असं तिच्या आईनं सगळ्या गावाचं ऐकून घेतलं. शेवटी बेळगावच्या एका डॉक्टरांनी तिच्याबरोबर माझेही पाय बघितले आणि रक्तातलं फॉस्फेट तपासायला सांगितलं. हाडं कडक व्हायला लागणारं फॉस्फेट तिच्या लघवीवाटे वाहून जातं. हा आजार एक्स गुणसूत्रावरून येतो. बापाला असला की प्रत्येक मुलीला येतो, मुलग्यांना नाही. माझ्या आईलाही लोकांनी असंच बोल लावले होते. खरं कारण कळायच्या आधीच ती गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

औषध म्हणजे कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं तयार रूप, आणि दिवसातून पाच वेळा फॉस्फेटचं खारट पाणी. एकदम पाजून भागत नाही, कारण रक्तात चढलेलं फॉस्फेट काही तासांत उतरतं आणि जास्त झालं तर पोट बिघडतं. पाचातले दोन डोस शाळेच्या वेळेत यायचे. मी खानापूरला कौलांच्या भट्टीवर, तिची आई शेतात. पहिलीच्या शाळेत औषध द्यायला नकार मिळाला होता.

तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि पहिलंच विचारलंत, "मग क्षीरभाग्यच्या दुधाचं काय?" म्हणजे सरकारी योजनेतून शाळेत मिळणारं दूध. डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरलो होतो. दुधातलं कॅल्शियम फॉस्फेटला आतड्यातच धरून ठेवतं, औषध अंगी लागत नाही. तुम्ही दूध तोडलं नाहीत, हाडांना तेही हवंच. सकाळी दूध, औषध बारा आणि तीनला, अशा वेळा बसवल्यात आणि सहा वर्षं पाळल्यात.

वहीत रोजची वेळ, पुढे कधी "पोट दुखलं", कधी "दोनदा बाहेर गेली". वर्गातून न विचारता उठायची तिला मुभा होती, आणि त्यावर कुणी हसलेलं तुम्ही चालू दिलं नाहीत. ती वही बघून डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, तोच लहान लहान वाटून दिला. नुसता वाढवत गेलो असतो तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठायची भीती होती. सोनोग्राफी आजवर स्वच्छ आहे. चौथीत दाढेला कीड नसताना हिरडी सुजली, तेव्हा या आजारात तसं होतं हे ध्यानात ठेवून तुम्ही त्याच दिवशी आम्हाला बोलावलंत.

गुडघ्यांमधलं चार बोटांचं अंतर आता एका बोटावर आलंय.

नव्या शाळेसाठी तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर औषधाच्या वेळा मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहून दिल्यात. तिथल्या सरांनी ते पान वाचलं आणि बाटली स्वतःच्या कपाटात ठेवली. सोमवारी बाराचा डोस बाराला झाला.

आपला,
तिचा बाबा