मा. अर्थमंत्र्यांना खुलं पत्र: आमचे तास मोजणार कोण?

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

विषय: सरकारी बँकांतील अर्धवेळ सफाई कामगारांचं वेतन, तासांची नोंद आणि येणारा तेरावा द्विपक्षीय करार

महोदया,

स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रम संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र मिळेल असं आपल्या सरकारने जाहीर केलं. त्याबद्दल आभार. मात्र सरकारी बँकांच्या शाखांत शटर उघडायच्या आधी झाडू मारणाऱ्या अनेकांच्या हातात अजून असा कागद आलेला नाही. काहींना आला, तर त्यात ‘कामाचे तास’ हा रकाना कोरा. हमी देणारं सरकार आणि या बँकांचं मालक सरकार एकच आहे, म्हणून पत्र थेट आपल्याला.

रकाना कोरा राहण्यात कुणाचा फायदा आहे, ते आपल्या वित्तीय सेवा विभागाला नीट माहीत असणार. तरी वाचकांसाठी मांडतो. बँकांमधल्या पार्टटाइम कामगाराचा पगार आठवड्याच्या तासांवर ठरतो. तीन तासांपर्यंत काम असेल तर किती द्यायचं ही बँकेची मर्जी. तीन ते सहा तास असेल तर ठरलेली एकगठ्ठा रक्कम, म्हणजे कन्सॉलिडेटेड. सहा ते तेरा तासांना स्केलचा, म्हणजे पूर्णवेळ वेतनश्रेणीचा, एक तृतीयांश, तेराच्या वर एकोणीसपर्यंत निम्मा, एकोणीसच्या वर एकोणतीसपर्यंत पाऊण, आणि एकोणतीसच्या पुढे पूर्ण पगार. शाखेत यांनाच वन-थर्ड, हाफ, थ्री-फोर्थ म्हणतात. माणसाची ओळखही तशीच होते: ‘ते आमचे वन-थर्डवाले.’

आता गणित बघा. बँकांची संघटना आयबीए (इंडियन बँक्स असोसिएशन) आणि कर्मचारी संघटना यांच्यात पगाराचा द्विपक्षीय करार होतो. त्यातल्या बाराव्या करारात शिपाई-सफाई वर्गाचं सुरुवातीचं मूळ वेतन १९,५०० रुपये आहे. हाफ म्हणजे ९,७५०, थ्री-फोर्थ म्हणजे १४,६२५. फरक ४,८७५ रुपयांचा, त्यावर महागाई भत्ता वेगळा. रोज ३ तास १० मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बरोबर १९ तास, पगार हाफ. तीच व्यक्ती रोज एक मिनिट जास्त थांबली तर आठवडा १९ तास ६ मिनिटांचा होतो आणि पगार थ्री-फोर्थ व्हायला हवा. तसंच २ तास १० मिनिटांवर वन-थर्ड संपतो आणि ४ तास ५० मिनिटांवर थ्री-फोर्थ. एका मिनिटाला महिन्याला पावणेपाच हजारांच्या वर किंमत असेल, तर ते मिनिट कोण मोजतो याला महत्त्व आहे की नाही?

मोजत कोणीच नाही. मस्टरवर फक्त सही होते. आल्याची वेळ नाही, गेल्याची नाही. नेमणुकीच्या वेळी शाखेचं क्षेत्रफळ धरून तास ठरवले जातात आणि तो आकडा तिथेच गोठतो. पुढे शाखेला एटीएमची खोली जोडली जाते, लॉकर वाढतात, वर एक मजला चढतो, ग्राहकांसाठी वेगळं स्वच्छतागृह येतं. फरशी वाढते, तास वाढत नाहीत. शिवाय झाडलोट सोडून जे करून घेतलं जातं त्याची यादी कुठल्याच परिपत्रकात सापडणार नाही: पिण्याचं पाणी भरणं, व्हाउचरचे गठ्ठे रेकॉर्ड रूममध्ये लावणं, टपाल टाकून येणं, चहा, ऑडिटच्या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणं. एखाद्याने वाढीव तासांसाठी अर्ज केलाच, तर शाखा व्यवस्थापक ‘अशी कामं सांगितलेली नाहीत’ असा शेरा मारून पुढे पाठवतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा; लेखी कुणी सांगितलेलं नसतंच.

तासांचे तुकडे ही आणखी एक चलाखी. सकाळी दीड तास आणि शाखा बंद होताना दीड. कागदावर तीन तास, प्रत्यक्षात अख्खा दिवस बांधलेला. मधल्या वेळेत दुसरी नोकरी कोण देणार? बसचं तिकीट हाफ स्केलवाल्याला अर्ध्या दरात मिळत नाही, उलट दोन खेपांमुळे दुप्पट पडतं. ताप एक तृतीयांश येत नाही आणि मुलाची फी पाऊण होत नाही. आम्ही शाखेत मावशी आणि काका. नातं पूर्णवेळ, पगार वन-थर्ड.

आता पाच दिवसांचा आठवडा. ८ मार्च २०२४ च्या करारावेळी आयबीए आणि संघटना त्यावर सहमत झाल्या; सगळ्या शनिवारी सुट्टी आणि बदल्यात रोज ४० मिनिटं जास्त काम. मंजुरी द्यायची आपल्या सरकारने. मागणी रास्त आहे, आमचा विरोध नाही. पण शनिवार गेला की आमच्या तासांच्या पट्ट्यांचं, म्हणजे वन-थर्ड, हाफ, थ्री-फोर्थचं, काय होतं? रोज सव्वादोन तासांचे सहा दिवसांत साडेतेरा तास होतात, म्हणजे हाफ. पाच दिवसांत सव्वाअकरा, म्हणजे वन-थर्ड. रोज सव्वातीन तासवाला थ्री-फोर्थवरून हाफवर येतो. काम तेवढंच, कारण दोन दिवस बंद राहिलेल्या शाखेतली धूळ सोमवारी एकदम काढावी लागते. उपाय सोपा आहे: १३, १९ आणि २९ या सीमांना पाच-षष्ठांशाने गुणायचं. १० तास ५० मिनिटं, १५ तास ५० मिनिटं, २४ तास १० मिनिटं. शेजारी एक ओळ लिहायची की या बदलामुळे कुणाचंही स्केल कमी होणार नाही. एवढी ओळ मंजुरीच्या आदेशात घालायला किती सचिव लागतात?

करारांचं वेळापत्रक हा तर स्वतंत्र अन्याय आहे. दहावा करार नोव्हेंबर २०१२ पासून लागू व्हायचा, सही झाली मे २०१५ मध्ये. अकरावा नोव्हेंबर २०१७ चा, सही नोव्हेंबर २०२० मध्ये. बारावा नोव्हेंबर २०२२ चा, सही मार्च २०२४ मध्ये, आणि त्याबद्दल सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली, कारण या खेपेला सोळाच महिने उशीर झाला. थकबाकी मिळते, हे खरं. पण ती मिळते मस्टरवरच्या तासांवर. तीन वर्षं चुकीच्या पट्ट्यात काम केलेल्याला तीन वर्षांची थकबाकीही चुकीच्याच पट्ट्यात मिळते.

ग्रॅच्युइटीत हेच दुखणं आयुष्यभराचं होतं. शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं, हे सूत्र. सोयीसाठी फक्त सुरुवातीचं मूळ वेतन धरू. हाफवाल्याला वर्षाला ५,६२५, म्हणजे वीस वर्षांचे १,१२,५००. पूर्णवेळवाल्याला २,२५,०००. हिशेब शेवटच्या वेतनावर असल्यामुळे निवृत्तीच्या वर्षभर आधी जरी पूर्णवेळ केलं तरी आधीची सगळी वर्षं नव्या दराने मोजावी लागतात. जागा रिकामी असताना पार्टटाइमला पूर्णवेळ करण्याचे प्रस्ताव वर्षानुवर्षं प्रादेशिक कार्यालयात का पडून राहतात, याचं उत्तर कदाचित इथेच असेल. आम्ही अडाणी, आम्हाला भागाकार येत नाही, असं कुणाला वाटत असेल तर वाटो.

ही झाली कायम असलेल्यांची कथा. त्यांच्यातला एखादा निवृत्त झाला की जागा एजन्सीकडे जाते. तिथे पट्टे नाहीत, वेतनवाढ नाही, महागाई भत्त्याचा बँकेच्या दराशी संबंध नाही. एजन्सीचं कंत्राट बदललं की तीच बाई, तोच झाडू, पण कागदावर सेवा नव्याने सुरू. मधले काही आठवडे ‘ब्रेक’. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, आजारपणाचा लाभ मिळायला सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवस भरावे लागतात. ब्रेक नेमका तिथे नडतो. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते आणि प्रत्येक एजन्सी जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, विचारायचे कष्ट न घेता नवा काढते. आता मुदतीच्या नेमणुकीवाल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, असं संहिता सांगते. छान. मग मुदत अकरा महिन्यांची ठेवली जाईल. हे ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही.

किमान वेतनाच्या बाबतीत एक तरतूद तर सगळेच सोयीने विसरतात. किमान वेतन दिवसावर ठरलेलं असेल आणि मालकानेच पूर्ण दिवसाचं काम दिलं नाही, तर कामगाराला पूर्ण दिवसाचं वेतन मिळायला हवं. हे १९४८ च्या कायद्यात कलम १५ मध्ये होतं, वेतन संहितेत कलम १० मध्ये आहे. कामगार स्वतः काम करायला तयार नसेल तर गोष्ट वेगळी. एजन्सीच्या बिलात मात्र दिवसाचा दर आठने भागून दोनने गुणलेला असतो, आणि बँक ते बिल डोळे मिटून पास करते.

आणि ज्या संहितांसाठी सुरुवातीला आभार मानले, त्यांतच व्यावसायिक सुरक्षा संहितेत ‘मुख्य काम’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. झाडणं, पुसणं, कचरा उचलणं मुख्य कामात येत नाही, असं तिथे नाव घेऊन लिहिलंय. मुख्य कामात कंत्राटी कामगार नको, बाकीच्यात चालेल. शिवाय कंत्राटदाराला कायदा लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली. म्हणजे ४९ माणसं ठेवणारा ठेकेदार मोकळा. एकीकडे स्वच्छता अभियानाचे फलक, दुसरीकडे स्वच्छता हे मुख्य काम नाही असा कायदा. एकदा स्वच्छतागृह आठवडाभर न धुता शाखा चालवून दाखवा, मग ठरवू मुख्य काय ते.

सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांची सेवा नियमित करण्याचा आदेश दिला. वर्षानुवर्षं नियमित स्वरूपाचं काम करून घ्यायचं आणि नेमणूक मात्र तात्पुरती किंवा अर्धवेळ म्हणायची, या सरकारी सवयीवर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. तो निकाल वित्तीय सेवा विभागात कुणी वाचला असेल, तर त्यावर बँकांना एखादं पत्र गेलं का? पैसे नाहीत हे कारण तर सांगूच नका. २०२४-२५ मध्ये सरकारी बँकांचा नफा १.७८ लाख कोटी रुपये होता. त्याच्या जाहिराती आपल्याच खात्याने केल्या. बाराव्या कराराचा वाढीव वार्षिक बोजा होता ८,२८४ कोटी, तोही सुमारे आठ लाख अधिकारी-कर्मचाऱ्यांचा मिळून. त्यात वन-थर्डवाल्यांचा वाटा किती असेल, याचा अंदाज आपणच करा.

आमच्या संघटनांनाही सोडत नाही. मागणीपत्र तयार होतं, त्यात पार्टटाइमचा मुद्दा असतो, शेवटून दुसऱ्या पानावर. टेबलावर रात्र होते तेव्हा आधी क्लार्कचे टप्पे, मग विशेष वेतन, मग पेन्शन, आणि आमचा मुद्दा ‘पुढच्या बैठकीत’. हे असंच चालायला हवं असा नियम नाही. अमेरिकेत ऑगस्ट १९९७ मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीत टीमस्टर्स युनियनचा १५ दिवसांचा संप झाला, सुमारे १,८५,००० कामगार बाहेर पडले, आणि संपाच्या केंद्रस्थानी पार्टटाइमचाच प्रश्न होता. कंपनीला अर्धवेळ जागा जोडून १०,००० पूर्णवेळ जागा करण्याचं मान्य करावं लागलं. २०२३ च्या करारात तिथल्या पार्टटाइमचा किमान दर ताशी २१ डॉलर झाला. अर्धवेळ कामावरचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १७५ क्रमांकाचा करार १९९४ चा आहे. भारताने तो आजवर स्वीकारलेला नाही. विश्वगुरू व्हायचं तर आधी गृहपाठ नको का?

खरं तर दुखणं बँकांपुरतं नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, गावात मानधनावरच्या आशा, कचेऱ्यांत बाह्यस्रोत डेटा ऑपरेटर. सगळीकडे युक्ती एकच: काम पूर्ण घ्यायचं, पण कामगार हा शब्द टाळायचा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये एजन्सींमार्फत पदं भरण्याचा शासन निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. निर्णय मागे गेला, एजन्सी कुठे गेल्या? पक्ष बदलतात, खाती बदलतात, पण खर्च वाचवायचा म्हटलं की सगळ्यांना आधी झाडूवालीच दिसते. मोठी कर्जं निर्लेखित करताना कुणी मिनिटं मोजत नाही.

बाराव्या कराराची मुदत ३१ ऑक्टोबर २०२७ ला संपते. तेराव्याच्या वाटाघाटींसाठी बँका आयबीएला अधिकारपत्र देतात, त्यात घालायला काही गोष्टी त्यांना आत्ताच लिहून कळवा. प्रत्येक पार्टटाइमची येण्या-जाण्याची वेळ इतर कर्मचाऱ्यांसारखीच नोंदवा आणि महिन्याच्या तासांचा कागद सहीनिशी त्याच्या हातात द्या. सलग तीन महिन्यांची सरासरी वरच्या पट्ट्यात गेली तर अर्ज न मागता स्केल वाढवा. शाखेची जागा वाढली की सहा आठवड्यांत तास नव्याने ठरवा. दोन पाळ्यांत बोलावलंत तर मधल्या वेळेचा भत्ता द्या. मूळ वेतन तासांच्या प्रमाणात ठीक आहे, पण प्रवास, गणवेश, आजारपणाचं संरक्षण आणि बाळंतपणाची रजा पूर्ण हवी. निवृत्तीने रिकामी झालेली जागा आधी त्याच विभागातल्या ज्येष्ठ पार्टटाइमला, मग बाहेर. आणि तीन ते सहा तासांची एकगठ्ठा रक्कम रद्द करून तिथेही स्केलचा हिस्सा लावा.

उत्तर ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असं असेल तर पाठवू नका, त्या वाक्याच्या प्रती आमच्याकडे पुरेशा आहेत.

आपले,
सरकारी बँकांतील अर्धवेळ सफाई कामगार

ता. क. पत्राची प्रत आयबीएला आणि आमच्या संघटनांना पाठवत आहोत. संघटनांनी ती ‘इतर मुद्दे’ या सदराखाली लावू नये.